कोरी काच

उन्हं तापली, पाटाचं आवर्तन लांबलं आणि घरात कुणाची तरी परीक्षा आली, की मला सगळ्यांचाच संशय येऊ लागतो. पाण्याचा येतो, बर्फाच्या गोळ्याचा येतो, बाजारातून आणलेल्या कोथिंबिरीच्या जुडीचा येतो. परवा पाण्याचे जार देणारा टेम्पो दारात थांबला, तर मी आधी जारचं झाकण काढून वास घेतला. जारवाला म्हणाला, "आजी, फिल्टरचं पानी हाय." मी म्हटलं, "ते तू म्हणतोस. जार काय म्हणतो ते बघू दे." त्याने टेम्पोत बसलेल्या बायकोकडे असं पाहिलं, जणू ह्या म्हातारीचा स्क्रू ढिला आहे. असू दे. तो संशय त्याला लखलाभ.

सध्या मात्र सगळ्यात मोठा संशय मुक्तावर आहे. मुक्ता माझी नात, लेकीची लेक, डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला. परीक्षेआधीची सुट्टी लागली आणि ती शांतता हवी म्हणून इथे कोल्हारला माझ्याकडे आली. मागच्या पडवीत तिने सतरंजी टाकली आहे. तिथे दुपारी प्रवरेकडून थोडा वारा येतो, म्हणजे नदीत पाणी असलं तर येतो. पुस्तक मांडीवर, पुस्तकात मोबाईल, आणि मोबाईलमध्ये काय ते तिलाच ठाऊक. मी ताक द्यायच्या निमित्ताने दर अर्ध्या तासाने फेरी मारते. चौथ्या पेल्याला ती म्हणाली, "आजी, तू माझ्यावर पाळत ठेवतेस का?"

"छे गं. ताक नासेल म्हणून देते."

"मग बस इथे. मी पाठ म्हणते, तू ऐक. मधे बोलायचं नाही."

"बोलत नाही. म्हण."

ती डोळे मिटून सुरू झाली. "ग्रॅम निगेटिव्ह. आधी आकार. गोल जोडीने असले तर कॉकाय, काड्या असल्या तर बॅसिलाय, स्वल्पविरामासारखे वाकडे असले तर व्हिब्रिओ. काड्या मॅकॉन्कीच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या थाळीवर टाकायच्या. त्यात लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर असते. ती आंबवणारे गुलाबी उगवतात, ई कोलाय, क्लेबसिएला. न आंबवणारे फिके उगवतात. त्यात टायफॉइडचा साल्मोनेला, जुलाबाचा शिगेला, पसरत जाणारा प्रोटिअस. मग ऑक्सिडेजची चाचणी. त्यात कागद जांभळा झाला तर..."

"तर?"

"थांब ना, येतंय. स्यूडोमोनास."

हे नाव तिने उच्चारलं आणि माझ्या नाकात तो वास आला. जास्त पिकलेल्या द्राक्षांचा गोडसर वास, टोपली दोन दिवस उन्हात राहिल्यावर येतो तसा. पडवीत द्राक्षं नव्हती. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची ती चैत्रातली दुपार होती.

*

तेव्हाची मी कशी होते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. बावीस वर्षांची, बेलापूरची, आईबापांची एकुलती, आणि लॅब टेक्निशियनचा कोर्स करून आलेली आमच्या आळीतली पहिली मुलगी. गावाजवळच्या वीस खाटांच्या एका दवाखान्यात मला नोकरी लागली होती. तो दवाखाना आता नाही, त्या जागेवर ट्रॅक्टरची शोरूम आहे. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली, तिला 'लॅब' म्हणायचं हे मी ठरवलं. माझं सर्टिफिकेट फ्रेम करून मी तिथे सूक्ष्मदर्शकाच्या बरोबर वर टांगलं होतं, म्हणजे काचेतून डोळा काढला की आधी ते दिसावं. पांढरा कोट मला इतका आवडायचा की तो घालून मी भाजी आणायला जात असे. भाजीवाल्या मला डॉक्टरीणबाई म्हणत आणि मी ती चूक कधी दुरुस्त केली नाही.

लॅबमधल्या सगळ्या वस्तूंत माझा जीव एका बरणीत होता. हंडाभर पाणी मावेल एवढी काचेची बरणी, खाली रबराची नळी, नळीला चिमटा. तिच्यात मी पाण्याची वाफ करून गोळा केलेलं शुद्ध पाणी भरत असे. आमच्याकडचं विहिरी-बोअरचं पाणी जड. भांड्याला पांढरी पुटं धरतात आणि जखमा धुवायचं औषध त्यात कालवलं तर फाटल्यासारखं होतं. म्हणून सिस्टर रोज सकाळी माझ्याकडून दोन बाटल्या शुद्ध पाणी नेऊन त्यात ते औषध पातळ करायच्या. मीही काचा त्याच पाण्याने धुवायची आणि माझे रंग त्याच पाण्यात कालवायची. ते पाणी थेंब थेंब गोळा व्हायला अख्खी दुपार जायची. त्या साली पाटाला पाणी नव्हतं, दवाखान्याला टँकर लागला होता. त्यामुळे बरणी अर्धी झाली की मी वरून भर घालायची. रिकामी करून ओतून द्यायची कल्पनासुद्धा मला पाप वाटायची. नगर जिल्ह्यातली पोर मी, पाणी ओतून देते होय!

आणि दवाखान्यात गयाबाई होती.

गयाबाई आया होती. पन्नाशीची, काटक, कपाळावर गोंदण. वॉर्ड पुसायचा, बाळंतिणींना शेक द्यायचा आणि नव्या बाळांना अंघोळ घालायची, ही तिची कामं. बाळाला पालथं पायांवर घेऊन ती असं काही पाणी घालायची, की रडणारं मूल मध्येच थांबून विचारात पडायचं. बाळंतिणींच्या माहेरच्या बाया लांबून विचारत यायच्या, "गयाबाई हायेत ना आज?" हे तिचं नाव होतं, आणि हेच तिचं सगळं होतं.

रोज सकाळी ती वॉर्डातला पाण्याचा माठ आणि हंडा अंगणात न्यायची, राहिलेलं शिळं पाणी जास्वंदीला घालायची, राखेने हंडा घासायची आणि मग ताजं भरायची. मी खिडकीतून ओरडायची, "गयाबाई, टँकरचं पाणी आहे ते! कशाला ओततेस?"

"शिळं हाय ताई."

"पाण्याला कसलं शिळं आलंय? शास्त्रात असं काही नसतं."

ती हसायची आणि हंडा घासायची. ती माझ्या आईच्या वयाची आणि मी तिला अगं-तुगं करत होते, हे तेव्हा मला दिसलंही नाही. सिस्टर तिच्याहून दहा वर्षांनी लहान. त्यांना मात्र मी अहो म्हणत होते.

*

"आजी, मी पुढे म्हणू का? तू कुठेतरी गेलीस."

"इथेच आहे. ग्रॅमचा रंग कसा देतात ते सांग."

मुक्ताने घडाघडा सांगितलं. मी ऐकत होते, पण हात मांडीवर आपोआप हलत होते. नमुना काचेवर पसरायचा, वाळवायचा, दिव्यावरून फिरवून चिकटवायचा. मग जांभळा रंग. धुवायचं. मग आयोडीन. धुवायचं. मग स्पिरिट, मोजून काही क्षण. लगेच धुवायचं. शेवटी लाल. पुन्हा धुवायचं. ज्या जंतूंची भिंत जाड, गोधडीसारखी थरावर थर शिवलेली, ते जांभळा रंग घट्ट धरून ठेवतात. ते ग्रॅम पॉझिटिव्ह. ज्यांची भिंत पातळ आणि वर तेलकट पांघरूण, त्यांचं पांघरूण स्पिरिटमध्ये विरघळतं, जांभळा निसटून जातो आणि वरून घातलेला लाल ते मुकाट अंगावर घेतात. ते ग्रॅम निगेटिव्ह.

मला पहिल्यापासून ह्या दुसऱ्या मंडळींचा संशय. त्यांच्या त्या तेलकट पांघरुणातच विष असतं. औषधाने मारले तरी मरताना ते विष रक्तात सोडून जातात. म्हणून कधी कधी औषध सुरू केल्यावरच ताप उसळतो. शिवाय त्या पांघरुणामुळे कितीतरी औषधं आतच शिरत नाहीत. माणूस मेल्यावर त्याच्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जंतूंना ती सवलत द्यायचं काही कारण नाही.

पण मुक्ता सांगत होती त्यात एक शब्द ती पटकन उरकत होती. धुवायचं. चार वेळा.

"कशाने धुवायचं?" मी विचारलं.

"पाण्याने."

"कुठल्या पाण्याने?"

"आजी, पुस्तकात एवढंच आहे. परीक्षेत हे विचारत नाहीत."

मलाही कुणी विचारलं नव्हतं.

*

त्या चैत्रात वॉर्डातल्या जखमा हिरव्या व्हायला लागल्या. सिझेरियन झालेल्या बायका, ज्यांनी आठ दिवसांत बाळ घेऊन घरी जायचं, त्या तीन तीन आठवडे पडून राहिल्या. टाक्यांवरचं कापूस-कापड काढलं की हिरवट पू, आणि तो द्राक्षांचा वास. एका बाईचे टाके उसवून पुन्हा घालावे लागले. तिचा आवाज मी खोलीतून ऐकला आणि दार लावून घेतलं.

पुवात काय आहे ते मी दोन दिवसांत ठरवलं. मॅकॉन्कीवर फिके डाग, साध्या थाळीवर हिरवी छटा, ऑक्सिडेजचा कागद दहा सेकंदांत जांभळा. स्यूडोमोनास. पाण्यात राहणारा, ओलाव्यात वाढणारा, पातळ केलेल्या औषधातसुद्धा मजेत जगणारा. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत ह्याच प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "हे वॉर्डात येतंय कुठून? कुणाच्या हातून?"

आता बघा, मी किती शहाणी. पाण्यात राहणारा जंतू, हे तोंडपाठ असलेली मुलगी पाण्याकडे गेली नाही. ती हातांकडे गेली. जखमांना हात लावणारे हात मोजले तर डॉक्टरसाहेबांचे होते, दोन सिस्टरांचे होते, गयाबाईचे होते. आणि ज्या पाण्याने जखमा धुतल्या जात ते भरणारे माझे होते. मी कापसाची काडी फिरवली ती एकाच माणसाच्या हातावर.

"गयाबाई, हात पुढे कर."

तिने हात पदराला पुसून पुढे केले. तळव्यांवर राखेच्या रेषा होत्या. मी बोटांच्या पेरांतून, नखांखालून काडी फिरवली. ती म्हणाली, "काय शोधता ताई?"

"जंतू."

"सापडले तर सांगा, पाटवून देते त्यांना."

हाच हात का निवडला, ह्याचं उत्तर मला तेव्हा विचारलं असतं तर मी शास्त्रातले दोन शब्द फेकले असते. खरं उत्तर एवढंच, की गयाबाईचं घर बुद्धविहाराच्या मागे होतं आणि ते मला माहीत होतं. सिस्टरांचं घर कुठे आहे हे मला वर्षभरात कधी कळलं नव्हतं, कळून घ्यायची गरज वाटली नव्हती. मी सायन्सवाली, मी काही मानत नव्हते. फक्त संशय कुठून सुरू करायचा, एवढंच मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं.

काचेवर रंग दिला, धुतला, डोळा लावला. लाल काड्या. नाजूक, सुट्या, सरळ लाल काड्या. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. थाळीवर काय उगवतं ते उद्या कळणार होतं, पण उद्यापर्यंत थांबेल ती मी कसली! दुपारीच रिपोर्ट लिहिला. अक्षर छान काढलं. खाली सही केली, सहीखाली रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाईच्या हाताची मॅकॉन्कीची थाळी उघडली. कोरी. एकही डाग नाही. साध्या थाळीवर कातडीवरचे नेहमीचे, निरुपद्रवी, जांभळे गोल मिळाले. माणसाच्या हातावर असतात तेवढेच. आणि मी काय म्हणाले असेन स्वतःशी? 'हात औषधात बुडवून आली असणार. लबाड.' कोऱ्या थाळीचासुद्धा मला संशय आला.

डॉक्टरसाहेबांनी तिला वॉर्डातच सांगितलं, बायकांसमोर. "उद्यापासून येऊ नको. तुझ्या हातातून होतंय हे." तिच्या पायांवर बाळ होतं, त्याची अंघोळ तिने पुरी केली, पुसलं, गुंडाळलं, आईकडे द्यायला हात पुढे केले. त्या आईने बाळ घेतलं, पण चादरीच्या टोकाला धरून.

ते मी दारातून पाहिलं. त्या दिवशीही माझ्या अंगात पांढरा कोट होता.

*

गयाबाई गेली आणि पुढच्या आठवड्यात आणखी दोन जखमा हिरव्या झाल्या.

मग मी सगळ्यांवर संशय घेतला. सिस्टरांच्या बांगड्यांवर घेतला. डॉक्टरसाहेबांच्या चपलांवर घेतला. खिडकीतून येणाऱ्या कावळ्यावर घेतला. ज्याच्या हाताची काच रंगवावी त्यावर लाल काड्या. सिस्टरांच्या हातावर लाल काड्या, दाराच्या कडीवर लाल काड्या, टेबलावर लाल काड्या. आपण जिथे बघू तिथे गुन्हेगार सापडतोय, ह्याचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं. मला अभिमान वाटत होता.

आणि एका दुपारी लाईट गेली. घामाने डोळे चुरचुरत होते, खिडकीच्या उजेडात मी काचा रंगवत बसले होते. सहा काचांत एक काच अशी गेली, जिच्यावर मी काही पसरलंच नव्हतं. धुवून पुसून ठेवलेली, कोरी. रंगवून झाल्यावर लक्षात आलं. टाकून देणार होते. पण एवढा रंग खर्च केलाय तर बघून घेऊ म्हणून डोळा लावला.

लाल काड्या. नाजूक, सुट्या, सरळ.

मी उठले आणि बरणीपाशी गेले. रबराच्या नळीचं टोक सोडवून आत करंगळी घातली. बुळबुळीत लागलं. करंगळी नाकाशी नेली. द्राक्षं.

महिनोन्‌महिने वरून भर घातलेली ती बरणी, कधी न घासलेली. तिच्यातलं पाणी सिस्टर नेत होत्या औषधात, औषध जात होतं जखमांवर. तेच पाणी माझ्या रंगात, तेच माझ्या काचांवर. मी हातांवर शोधत होते ते मीच घरात पाळलं होतं, आणि रोज दोन बाटल्या भरून वाटत होते.

आता पुढचं जे सांगते, ते मी मुक्तालाही आज पहिल्यांदा सांगितलं.

मी बरणी उलटी केली, पाणी मोरीत ओतलं. नळी जाळली, नवी लावली. बाटल्या, बुचं, सगळं उकळलं. रंग फेकून ताजे केले. आणि कुणालाही काही बोलले नाही. आठवडाभरात नव्या जखमा स्वच्छ राहू लागल्या. जुन्या भरत आल्या. डॉक्टरसाहेब खूश झाले. त्यांनी पेढे आणले आणि म्हणाले, "गयाबाईच्या हाताने पसरलेलं सगळं निघायला एवढे दिवस लागले बघा. पण तुम्ही पकडलंत."

मी पेढा खाल्ला.

अकरा दिवस मी गप्प होते. लोक म्हणतात, तरुणपणी आपण वेगळेच असतो, ओळखूच येत नाही. खोटं आहे. मी त्या मुलीला चांगली ओळखते. पेढा तिला आवडला होता.

*

बाराव्या दिवशी गयाबाई आली. लॅबच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली, आत आली नाही. हात पदराखाली होते.

"ताई, एक इचारायचं हुतं."

"बोल."

"त्ये हातावरलं किती दिसांनी जातं?"

मी हातातली काच खाली ठेवली.

"सुनंला दिस भरल्यात. तिची आई म्हनती, बाळाला हात लावायचा न्हाई तुमी. गावात समद्यांना म्हाईत झालंय. मी रोज राखंनं घासते. निंबाच्या पान्यानंबी धुते. बगा की, सालटं निघाली." तिने हात बाहेर काढले. बोटांच्या पेरांवरची कातडी लाल, सोललेली. "अजून किती घासू, त्येवडं सांगा. म्हंजी तवर दम धरते."

मी तिला आत बोलावलं. ती येईना. मी हाताला धरून आणलं. ती दचकली, कारण मी तिच्या हाताला कधी हात लावला नव्हता. ती कोरी रंगवलेली काच मी फेकली नव्हती, का ते माहीत नाही. ती यंत्राखाली ठेवली आणि तिला डोळा लावायला सांगितलं.

"काय दिसतं?"

"तांबड्या काड्या हायेत. लई."

"ही काच कोरी होती. हिला कुणाचाच हात लागला नव्हता."

ती काचेतून डोळा न काढता म्हणाली, "मंग ह्या कुनाच्या?"

"माझ्या. त्या बरणीतल्या."

तिने मान वर केली. बरणीकडे बघितलं. आणि विचारलं ते एवढंच, "बरनी कवा घासली हुती?"

मी म्हटलं, "कधीच नाही."

मला वाटलं ती रडेल, किंवा शिव्या देईल. शिव्या मला चालल्या असत्या. तिने पदर खोचला. म्हणाली, "आता तुमचा बी हात बगा. माजा बगितला तसा."

मी काडी घेतली आणि माझ्या बोटांतून, नखांखालून फिरवली. थाळीवर ओढली. ती म्हणाली, "उद्या येते." आणि दुसऱ्या दिवशी आठाच्या ठोक्याला आली, माझ्याआधी.

थाळी उघडली. मॅकॉन्कीवर गुलाबी डाग. टपोरे, चकचकीत.

"गुलाबी लई ग्वाड दिसतंय," गयाबाई म्हणाली. "हे काय असतं?"

"हे पोटातले. आतड्यातले."

"पोटातलं हातावर कसं आलं?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. जास्वंद वाळली होती, तिला पाणी घालायला कुणी नव्हतं. ती ई कोलाय की क्लेबसिएला, हे ठरवायच्या पुढच्या चाचण्या मी केल्या नाहीत. काही बाबतीत वर्गीकरण अर्धवट राहिलेलंच बरं.

गयाबाई हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवून हसली. मग थांबली आणि म्हणाली, "आता वार्डात चला."

"मी लिहून देते. सहीनिशी."

"कागुद नगं. मला वाचता येत न्हाई, अन् त्या बायांनाबी न्हाई. माजं नाव बोलून गेलंय, बोलूनच यिऊ द्या."

डॉक्टरसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "आता बंद झालंय ना? उगाच कशाला उकरता? दवाखान्याचं नाव जाईल. तिला घेऊ परत, गुपचूप." तो रस्ता सोपा होता, आणि मी त्याच्यावरून अकरा दिवस चाललेच होते. पण दारात गयाबाई उभी होती. भेटायची वेळ होती, वॉर्ड नातेवाइकांनी भरला होता. मी पांढरा कोट काढून खुंटीला लावला आणि वॉर्डाच्या मधोमध उभी राहिले. गयाबाईच्या हातात काही नव्हतं, दोष माझ्या पाण्यात होता, मी खोटा रिपोर्ट दिला आणि कळल्यावरही गप्प राहिले, एवढं मी मोठ्याने म्हणाले. टाके उसवलेली ती बाई अजून तिथेच होती. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिची सासू काय म्हणाली ते मी इथे लिहीत नाही. तिचा तो अधिकार होता.

नोकरी माझी गेली नाही. का गेली नाही, ह्याचाही मला आजवर संशय आहे. तेव्हा वॉर्डात उभी राहून कबुली देणारी मुलगी गयाबाईच्या घरच्या आळीतली असती, तर एवढ्यावर सुटली असती का?

*

गयाबाई परत आली ती नातवाच्या बारशानंतर. नातवाला पहिली अंघोळ तिनेच घातली होती. आली त्या दिवशी आधी लॅबमध्ये शिरली, बरणी उचलून अंगणात नेली आणि शुद्ध पाणी जास्वंदीला घातलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. पुढे दर आठवड्याला बरणी रिकामी करून, घासून, उकळत्या पाण्याने विसळणं हे तिने स्वतःकडे घेतलं. मी रोज पहिली काच कोरीच रंगवायची. तो नेम नोकरी संपेपर्यंत पाळला. आणि तिला अहो-जाहो करू लागले, तेव्हा ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई, सवं न्हाई मला." मी म्हटलं, "मलाही नाही. करून घेऊ."

हे सगळं सांगून झालं तेव्हा मुक्ताचं पुस्तक मिटलेलं, मोबाईल आपोआप विझलेला. मग तिने विचारलं, "तुझ्या जागी मी असते तर मी पण तेच केलं असतं, असं तुला वाटतं?"

"मला सगळ्यांचाच संशय येतो. तुझाही."

"पण मला तर सगळं माहितेय. कंट्रोल म्हणून कोरी स्लाइड रंगवायची वगैरे."

"मलाही स्यूडोमोनास पाण्यात राहतो हे माहीत होतं. पैकीच्या पैकी."

तिने ताकाचा पेला उचलला, आणि प्यायच्या आधी, माझ्याकडे बघत, वास घेतला. पोरगी शिकेल.

एक राहिलं. ह्या मुक्ताची आई जन्मली ती बेलापूरला, त्याच दवाखान्यात. मी लग्न होऊन कोल्हारला गेले होते, बाळंतपणाला माहेरी आले. घरी आल्यावर बाळाला अंघोळ घालायला कोण, हा प्रश्न निघाला. आईने दोघी-तिघींची नावं घेतली. मी म्हटलं, गयाबाईंना निरोप पाठव. आई माझ्याकडे पाहतच राहिली. आमच्या घरात मोरीपर्यंत कोण येतं, कोण येत नाही, ह्याचे न बोललेले नियम तिला पाठ होते. हळू आवाजात म्हणाली, "अगं, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "दवाखान्यात सगळ्यात स्वच्छ हात त्यांचे होते. मी थाळीवर बघितलेत."

गयाबाई आल्या. चुलीवर पाणी तापत होतं, मोरीत पाट मांडला होता. त्यांनी पदर खोचला, हात धुतले, पाटावर बसून पाय लांब केले. आई दाराशी उभी होती. मी बाळ घेऊन पुढे झाले आणि त्यांच्या पायांवर ठेवायला वाकले, तेवढ्यात त्यांनी हात आडवा धरून मला थांबवलं.

"थांबा ताई. आदी तुमी हात धुवून या. तुमच्या हाताचं मला म्हाईत हाय."

मी बाळ आईकडे दिलं. हात धुतले, कोपरापर्यंत, राखेने. मग आले.